नार्निया बघताना विश्वासाचे धडे कसे शोधायचे: सिंहापासून नको, एडमंडपासून सुरुवात करा

नार्नियाचा पहिला पिक्चर, म्हणजे २००५ चा, चार भावंडं कपाटातून नार्निया नावाच्या बर्फाळ जगात जातात तो, ख्रिस्ती घरांत, संडे स्कूलमध्ये, तरुण संघाच्या कॅम्पला बऱ्याचदा लावतात. आणि लावल्यावर बहुतेक ठिकाणी होतं ते असं, की पिक्चर संपतो, लाइट लागतात, दादा किंवा ताई विचारतात सांगा बघू सिंह म्हणजे कोण, पुढच्या रांगेतून चार आवाज येतात येशू, मग चेटकीण कोण तर सैतान, दगडी मेज म्हणजे वधस्तंभ, बरोब्बर, चला प्रार्थना करूया. परीक्षेतल्या जोड्या लावा सारखं. पैकीच्या पैकी मार्क आणि घरी पोचेपर्यंत सगळं विसरलेलं.

यात मुलांचं काही चुकत नाही, प्रश्नच सोपा आहे. सिंहापासून सुरुवात केली की उत्तर आधीच माहीत असतं, आणि माहीत असलेल्या उत्तराने कुणाच्या आत काही हलत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच की दार बदला, एडमंडच्या दाराने आत जा. तो चिडका, खोटं बोलणारा, बहिणीला तोंडावर पाडणारा आणि शेवटी मिठाईसाठी सगळ्यांना विकणारा पोरगा, त्याच्या जागी आपण कुठे उभे आहोत हे एकदा कळलं की मग सिंह काय करतो याला अर्थ येतो, नाहीतर तो फक्त भारी ग्राफिक्सवाला प्राणी राहतो. पुढे जे लिहिलंय ते घरी दोन मुलांबरोबर करायला पण चालेल आणि तीस जणांच्या ग्रुपला पण.

आधी थोडी पार्श्वभूमी, पण ती स्वतःपुरती

ही माहिती चालवणाऱ्याला हवी, पिक्चरच्या आधी मुलांना भाषण म्हणून द्यायची नाही.

मूळ पुस्तक सी. एस. लुईसचं, १९५० मध्ये आलेलं, नार्नियाच्या सात पुस्तकांमधलं पहिलं प्रसिद्ध झालेलं. लुईस १८९८ मध्ये बेलफास्टला जन्मला, नऊ वर्षांचा असताना आई गेली, पुढे तरुणपणी तो चक्क नास्तिक होता. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात शिकवायचा. १९३१ च्या सप्टेंबरात एका रात्री कॉलेजच्या बागेतल्या पायवाटेवर टोल्किन आणि ह्यूगो डायसन या दोन मित्रांबरोबर त्याच्या उशिरापर्यंत गप्पा झाल्या, विषय होता पुराणकथा. लुईसला मरून पुन्हा उठणाऱ्या देवांच्या जुन्या कथा मनापासून हलवायच्या पण शुभवर्तमान वाचताना तसं काही व्हायचं नाही, आणि मित्रांचं म्हणणं होतं की ही पण तशीच कथा आहे, फरक एवढाच की ही खरोखर घडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो भावाच्या मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसून प्राणीसंग्रहालय बघायला निघाला, आणि त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की निघताना येशू देवाचा पुत्र आहे यावर माझा विश्वास नव्हता आणि पोचलो तेव्हा होता. (प्राणीसंग्रहालय! पुढे सिंहाची गोष्ट लिहिणाऱ्या माणसाबद्दल हे मी रचून सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.)

आपल्या कामाच्या दोन गोष्टी यातून घ्या. पहिली, लुईस नेहमी सांगायचा की नार्निया हे रूपक नाहीये, अमुक म्हणजे तमुक असा हिशोब मांडून मी लिहिलेलं नाही. त्याच्या डोक्यात सोळाव्या वर्षापासून एक चित्र होतं, बर्फाळ जंगलातून छत्री आणि पार्सलं घेऊन चाललेला अर्धा माणूस अर्धा बोकड, आणि सिंह त्या गोष्टीत नंतर उडी मारून आला. त्याचा प्रश्न असा होता की समजा नार्नियासारखं एखादं जग खरंच असतं आणि तिथेही ख्रिस्ताने देह धारण करून मरून उठायचं ठरवलं असतं तर ते कसं दिसलं असतं. म्हणजे जोड्या लावत बसलात तर तुम्ही लेखकाच्याच विरोधात जाताय. दुसरी गोष्ट, लहानपणी त्याला ख्रिस्ताच्या दुःखाबद्दल काही वाटायचं नाही कारण तुला असं वाटलंच पाहिजे असं त्याला सांगितलेलं होतं, हळू आवाज, गंभीर चेहरे, सगळं हॉस्पिटलसारखं. गोष्टीतून गेलं तर हा पहारा चुकवता येईल असं त्याला वाटलं. आपण पिक्चर संपल्या संपल्या गंभीर चेहरा करून उभे राहिलो तर तो पहारा आपणच परत बसवतो.

आणि मंडळीतल्या कुणा ज्येष्ठांनी म्हटलंच की काल्पनिक गोष्टीत कुठे देव शोधता, बायबल आहे ना, तर भांडू नका. १६१६ मध्ये छापलेलं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची मराठी कथा, गोव्यातल्या फादर स्टीफन्सनी ओव्यांमध्ये का लिहिलं, हे त्यांना प्रेमाने विचारा. इथल्या लोकांच्या कानाला जी चाल ओळखीची होती तिच्यात त्यांनी सुवार्ता सांगितली. बायबलच्या जागी काही ठेवायचं नाहीये, बायबलकडे जाणारी वाट शोधायचीये.

लावण्याआधी काय करायचं

पिक्चर साधारण दोन तास वीस मिनिटांचा आहे. एकाच संध्याकाळी पिक्चर आणि चर्चा दोन्ही कोंबू नका, मुलं दमतात आणि चर्चा होते ती चपला शोधता शोधता. दोन बैठका करा. पहिल्या दिवशी एडमंड चेटकिणीच्या तुरुंगात टमनसला, त्या अर्ध्या बोकडाला, भेटतो तिथपर्यंत, बाकीचं दुसऱ्या दिवशी किंवा पुढच्या रविवारी. तिथेच का तोडायचं ते पुढे सांगते.

चालवणाऱ्याने एकट्याने आधी एकदा बघावा आणि कुठला सीन कितव्या मिनिटाला आहे ते कागदावर लिहून ठेवावं, नाहीतर पुढेमागे करण्यात दहा मिनिटं जातात आणि पोरं मोबाइल काढतात. सबटायटल चालू ठेवा, ब्रिटिश उच्चार भराभर जातात. लहान मुलं असतील, सात-आठ वर्षांच्या आतली, तर सिंहाला मारतात तो दगडी मेजाचा सीन त्यांना खरंच घाबरवतो, रक्त फारसं दाखवलेलं नाही पण वातावरण जड आहे, आईबाबांना आधी कल्पना द्या आणि त्या वेळी कुणीतरी मोठं शेजारी बसू दे. हॉलमध्ये बाहेरच्या लोकांना बोलावून दाखवणार असाल तर लक्षात ठेवा की घरचं सबस्क्रिप्शन किंवा डीव्हीडी ही घरात बघण्यासाठी असते, परवानगीचं आधी बघून घ्या.

प्रत्येकाला एक वही. पवित्र शास्त्र बॅगेत असू दे, पण पहिल्या दिवशी बाहेर काढायचं नाही.

पहिल्यांदा नुसता बघायचा

खरंच नुसता. मध्ये पॉज करून हे बघा हे काय आहे असं करायचं नाही. चालवणाऱ्यांना हे सगळ्यात जड जातं कारण आपल्याला सगळं माहीत असतं आणि सांगायची खाज असते, पण गोष्ट आधी गोष्ट म्हणून लागली पाहिजे. मुलांना वहीत एकच काम द्या, कुठे पोटात गोळा आला किंवा राग आला किंवा गळा दाटला तिथे दोन शब्द लिहा. अर्थ लिहायचा नाही. एखादा लिहील की क्रिकेट खेळताना खिडकी फुटली ते आवडलं, लिहू दे. (आपल्या पोरांना हा सीन बरोब्बर कळतो, त्या काचेच्या भीतीने पळतानाच चौघं कपाटात शिरतात.)

पहिल्या दिवशी पिक्चर थांबवलात की फक्त वह्या वाचून दाखवायला सांगा. मग एवढंच विचारा की आत्ता या क्षणी एडमंडचा कुणाला राग येतोय. हात वर होतील. का येतोय ते सांगू दे, मोकळेपणी शिव्या घालू दे त्याला. तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. घरी पाठवा.

म्हणूनच तिथे तोडायचं. त्या तुरुंगात एडमंड आणि टमनस साखळीत शेजारी शेजारी आहेत, एडमंडच्या धाकट्या बहिणीला, ल्यूसीला, जाऊ दिलं म्हणून टमनस आत, आणि चेटकीण टमनसला सरळ सांगते की तुला यानेच पकडून दिलं, गोड खाऊसाठी. टमनस एडमंडकडे बघतो. टमनसला घेऊन जातात, एडमंड तिथेच बसलेला. सात दिवस मुलं हा राग घेऊन फिरली तर पुढचं काम अर्धं झालं.

एडमंडच्या मागे मागे

आता दुसरी बैठक. उरलेला पिक्चर बघून झाला की पुन्हा सुरुवातीला या आणि फक्त एडमंडचे सीन निवडून परत बघा, पाच-सहा पुरेत. इथे वेळ द्या, बाकी सगळं राहिलं तरी चालेल.

पहिला सीन लंडनवरच्या बॉम्बहल्ल्याचा. हा पुस्तकात असा नाहीच, पुस्तक एका वाक्यात मुलांना गावी पाठवलं म्हणतं, दिग्दर्शक अँड्र्यू अ‍ॅडमसनने तो वाढवलाय आणि माझ्या मते पिक्चरमधली ही सगळ्यात शहाणी भर आहे. सगळे खंदकाकडे पळतायत आणि एडमंड उलटा घरात पळतो, युद्धावर गेलेल्या बाबांचा फोटो आणायला. थोरला भाऊ पीटर त्याला ओढून आणतो आणि वर सगळ्यांसमोर झापतो, तू फक्त स्वतःचाच विचार करतोस, सांगितलेलं ऐकता येत नाही का तुला. विचारा मुलांना, यात स्वार्थ कुठे होता? पोराला बाप हवा होता. म्हणजे वाईट वागणाऱ्या माणसाच्या आत काय चाललेलं असतं ते बाहेरून दिसत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांतच आलं. पण लगेच हेही विचारा की बाबांची आठवण येते म्हणून पुढे तो जे करतो ते माफ होतं का. पिक्चर माफ करत नाही. कारण समजतं आणि तरी दोष उरतो, ही गोष्ट मोठ्या माणसांना पण नीट जमत नाही.

दुसरा, चेटकिणीच्या गाडीवरचा. थंडीत कुडकुडणारा पोरगा, अंगावर फरचा कोट, गरम पेय आणि टर्किश डिलाइटचा डबा. आजच्या मुलांना वाटतं एवढ्याशा मिठाईसाठी? तेव्हा सांगा की ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग जानेवारी १९४० पासून सुरू झालं, मिठाईचं १९४२ मध्ये, आणि हे पुस्तक १९५० मध्ये आलं तेव्हाही मिठाई रेशनवरच होती, ते उठलं १९५३ मध्ये. मग लक्षात येतं की मोह नेहमी आपल्याला नेमकं जे मिळत नाहीये त्याच्याच रूपात येतो. आणि नुसती मिठाई नाही, ती म्हणते तुला राजा करीन, भाऊ तुझा नोकर होईल. दुखरी नस बरोबर दाबली. इथे याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय उघडा, १४ आणि १५ ओवी, माणूस स्वतःच्याच वासनेने ओढला जातो ती. मग उत्पत्ती ३. शास्त्र पहिल्यांदा इथे उघडायचं, आणि मुलांनीच वाचायचं.

तिसरा अगदी छोटा आहे. एडमंड नार्नियातून परत येतो, ल्यूसी आनंदाने नाचतेय की आता तू पण बघितलंस, आणि तो म्हणतो आम्ही नुसतं खेळत होतो. विश्वासघात तिथे झाला. पुढचं चेटकिणीकडे जाणं वगैरे मोठं दिसतं म्हणून आपण त्यालाच पाप म्हणतो, पण धाकट्या बहिणीला लोकांसमोर खोटं पाडलं तो क्षण मला जास्त भीतीदायक वाटतो कारण तो रोज कुठल्याही घरात घडतो. इथे पॉज करून शांत बसा. काही विचारू नका.

(याच्याच पुढे प्रोफेसरचा सीन येतो, ल्यूसी वेडी नाही, खोटारडी नाही, मग तर्काने ती खरंच बोलतेय असं मानावं लागेल. लुईसने युद्धाच्या काळात बीबीसी रेडिओवर येशूबद्दल अशाच धर्तीचा युक्तिवाद केला होता. मोठ्या मुलांना आवडतो, पण त्यात अडकू नका, तासभर वाद होतो आणि एडमंड बाजूला राहतो.)

चौथा कोल्ह्याचा. बर्फात चेटकीण कोल्ह्याला पकडते आणि मारायला निघते तेव्हा एडमंड मध्ये पडतो, त्याला वाचवायला म्हणून अस्लानचा, म्हणजे सिंहाचा, ठिकाणा सांगून टाकतो, आणि ती तरीही कोल्ह्याला दगड करते. पोरगा बदलायला लागलाय पण त्याच्या हातून सुटकेचा प्रयत्नही गुन्हाच होऊन बाहेर पडतो. पौल रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात म्हणतो ना, जे चांगलं करायची इच्छा आहे ते माझ्याकडून होत नाही. कॉलेजच्या मुलांना हा सीन इतका लागतो की कधी कधी चर्चा इथेच थांबवावी लागेल, थांबवा.

पाचवा म्हणजे माझा आवडता. एडमंडला सोडवून आणलंय, सकाळ झालीय, लांब खडकावर सिंह आणि मुलगा बोलत उभे आहेत आणि आपल्याला एक शब्द ऐकू येत नाही. पुस्तकातही लुईस सांगत नाही काय बोलणं झालं ते. मग अस्लान त्याला भावंडांकडे आणतो आणि म्हणतो झालं ते झालं, त्याबद्दल याच्याशी बोलायची गरज नाही. मुलांना विचारा काय बोलणं झालं असेल, वहीत लिहा, वाचून दाखवायची सक्ती नाही. बरेच जण अस्लानला रागावायला लावतात, त्यांच्या मनातला देव कसा आहे ते तिथे कागदावर उतरतं, आणि ते तुम्हाला कुठल्याही थेट प्रश्नाने कळलं नसतं. मग स्तोत्र १०३ वाचा, पूर्व पश्चिमेपासून जितकी दूर ते. योहान २१ पण चालेल, किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव आणि नाकारणाऱ्या पेत्राला तीनदा विचारलेला प्रश्न.

आणि पीटरला विसरू नका. त्याआधी तो अस्लानसमोर कबूल करतो की मी त्याच्याशी फार कडक वागलो, माझंही चुकलं. लूक १५ मधला थोरला भाऊ आठवतो? तो घराबाहेरच उभा राहिला होता, पीटर आत आला. मग लढाई संपते, एडमंड जखमी होऊन मरणाच्या दारातून परत येतो आणि पीटर त्याला मिठी मारून म्हणतो, सांगितलेलं ऐकायला कधी शिकणार तू? तेच वाक्य, जे पहिल्या सीनमध्ये ओरडून म्हटलं होतं. लढाईत त्याला पळून जा सांगितलं होतं आणि तो न ऐकता जाऊन चेटकिणीची कांडी तोडून आला. दोन्ही सीन लागोपाठ लावून दाखवा. समजावून सांगायची गरज पडत नाही.

दगडी मेजाची रात्र

आता सिंह. आत्तापर्यंत सगळे एडमंडच्या जागी बसलेत, तर चेटकीण छावणीत येऊन म्हणते हा गद्दार माझा आहे, याचं रक्त माझ्या मालकीचं, तेव्हा ती आपल्याबद्दल बोलतेय. आणि वाईट म्हणजे ती खोटं बोलत नाहीये. आरोप खरा आहे. जखऱ्याचा तिसरा अध्याय वाचा इथे, मुख्य याजक यहोशवा मळक्या कपड्यांत उभा आहे, सैतान दोष द्यायला बाजूला उभा, आणि तिथेही कुणी म्हणत नाही की कपडे स्वच्छ आहेत, कपडे बदलले जातात. हा उतारा फारसा वाचला जात नाही, पण या सीनला याच्याइतकं दुसरं काही बसत नाही.

रात्रीचा भाग, म्हणजे एडमंडच्या बदल्यात अस्लान स्वतः दगडी मेजावर मरायला जातो तो, बघताना शास्त्रातले उतारे वाटून द्या, एका गटाला मार्क १४ मधली गेथशेमाने, दुसऱ्याला मार्क १५ मधली शिपायांची थट्टा, तिसऱ्याला यशया ५३ ची सातवी ओवी, चौथ्याला लूक २४ च्या सुरुवातीच्या स्त्रिया. मग सीन लावा आणि ज्याला आपला उतारा दिसला त्याने हात वर करायचा. अस्लान मुलींना म्हणतो सोबत असली तर बरं वाटेल, हात वर. आयाळ कापतात, तोंड बांधतात, तो गप्प, हात वर. पहाटे दोघी मुलीच तिथे उरल्यात. हे जोड्या लावण्यासारखंच झालं की, असं कुणी म्हणेल, पण फरक आहे, इथे मुलं शास्त्र वाचून पिक्चरकडे येतात आणि पिक्चर बघून परत शास्त्राकडे जातात, उत्तर तुम्ही देत नाही.

एक बारकी गोष्ट मुद्दाम दाखवा. अस्लान मेल्यावर ल्यूसी तिची औषधाची कुपी काढते, नाताळबाबाने दिलेली, एका थेंबात बरं करणारी, आणि थोरली बहीण सुझन म्हणते आता उशीर झालाय. मिळालेलं दान आहे, पण मरणापुढे ते चालत नाही. पुढे त्याच कुपीने एडमंड वाचतो. का तिथे चालली आणि इथे नाही, यावर मुलांना बोलू दे, मला यावर एक पक्कं उत्तर असावं असं वाटत नाही.

मग मेज दुभंगतं आणि अस्लान पुन्हा जिवंत होतो. मत्तय २७:५१ मधला मंदिराचा फाटलेला पडदा वाचायचा तो इथे. आणि नंतर अस्लान दगड झालेल्यांवर फुंकर घालतो तिथे योहान २०:२२ आणि यहेज्केल ३७, सुकलेल्या हाडांचं खोरं. टमनस जिवंत होतो. एडमंडने जे मोडलं होतं ते एडमंडला दुरुस्त करता आलं नसतं, ते दुसऱ्याने केलं.

कुठे जुळत नाही तेही शोधा

ही पायरी लोक गाळतात आणि मला ती सगळ्यात कामाची वाटते. मुलांना सांगा, आता पिक्चर आणि शुभवर्तमान कुठे वेगळे पडतात ते शोधा. सुरुवातीला घाबरतात, मग सुटतात.

अस्लान मरतो तो एका एडमंडसाठी. वधस्तंभ सगळ्यांसाठी आहे, पीटर आणि ल्यूसीसाठी सुद्धा, म्हणजे ज्यांनी काही विकलं नाही त्यांच्यासाठी पण. पिक्चर बघून चांगल्या मुलांना असं वाटू शकतं की हे आपल्याबद्दल नाहीये, तेवढं रोमकरांस ३ वाचून सरळ करून घ्या. पिक्चरमध्ये पिता जवळजवळ नाहीच, पुस्तकांत समुद्रापलीकडचा सम्राट म्हणून उल्लेख येतात, पण पडद्यावर तो भाग फार पातळ झालाय. किंमत कुणाला दिली जाते? चेटकिणीला. मंडळीच्या सुरुवातीच्या शतकांत काही जणांनी तारण असंच समजावलं होतं, निस्साचा ग्रेगरी तर म्हणायचा की सैतान गळाला लागला, आमिष देहाचं आणि आत देवत्वाचा गळ. पुढे अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्मने हे नाकारलं, सैतानाचा कसला हक्क, देणं आहे ते देवाचं. मोठ्या गटात यावर मजा येते, दोन बाजू करून बोलायला लावा, आणि मार्क १०:४५ व कलस्सै २:१४-१५ दोन्ही समोर ठेवा. लहान मुलांसमोर हे काढू नका, उगाच गोंधळ.

आणखी एक. शेवटी प्रश्न सुटतो तो लढाईने, अस्लान चेटकिणीवर झेप घालतो आणि तिला संपवतो. शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतर येशू पिलाताच्या वाड्यावर चालून जात नाही, तो किनाऱ्यावर मासे भाजतो. तलवारीचे सीन मुलांना सगळ्यात जास्त आवडतात हे उघड आहे, म्हणून हा फरक बोलून घ्यायलाच हवा. प्रकटीकरण ५ मध्ये यहुदाचा सिंह म्हणून ज्याची घोषणा होते तो दिसतो तेव्हा वधलेला कोकरा दिसतो, आणि तो अध्याय पिक्चरच्या शेवटच्या वीस मिनिटांना चांगला उतारा आहे.

जादू, चेटकीण, बोकडाच्या पायांचा टमनस यावर काही घरांत खरा आक्षेप असतो. त्यांना मागासलेले ठरवू नका. नको म्हणत असतील तर त्यांच्या मुलांना बोलावू नका, विषय संपला.

प्रश्न विचारताना

याचा अर्थ काय असं विचारलंत की पोरं तुमच्या मनातलं उत्तर ओळखायला बघतात. त्याऐवजी तू असतास तर, तुला कुणाचा राग आला, तुला हे खरं वाटलं का, असं विचारा. उत्तर आलं की बरोबर म्हणू नका, आणखी सांग म्हणा. शांतता झाली तर मनात वीस आकडे मोजा, पंधराव्याला कुणीतरी बोलतंच.

मला सगळ्यात चांगला वाटणारा प्रश्न पुस्तकातून येतो. लढाईनंतर तिथे ल्यूसी आणि सुझन कुजबुजतात की अस्लानने त्याच्यासाठी काय केलं हे एडमंडला माहितीये का, त्याला सांगायला हवं का. सुझनला वाटतं नको, त्याला किती भयानक वाटेल. ल्यूसीला वाटतं सांगायला हवं. तुम्ही सांगितलं असतं का? आणि तुम्ही एडमंड असता तर तुम्हाला कळायला हवं होतं का? यावर अर्धा तास आरामात जातो आणि वधस्तंभाबद्दल जे बोललं जातं ते कुठल्याही प्रवचनापेक्षा खरं असतं, कारण कुणी त्याला वधस्तंभ म्हणत नसतं.

ग्रुपमध्ये इतर धर्मांचे मित्रमैत्रिणी असतील तर त्यांना आधीच सांगा की आपण हे ख्रिस्ती नजरेने बघणार आहोत. लपवून बोलावणं वाईट दिसतं. मग त्यांच्या वाचनात अशी कुणाच्या बदल्यात कुणी मरण घेतल्याची गोष्ट आहे का ते विचारा आणि ऐका. शेवटी पश्चात्तापाचं आवाहन वगैरे त्या दिवशी नको.

पुढे काय लावायचं

मुलं पुढचा भाग मागतील. २००८ चा दुसरा पिक्चर मला या कामासाठी कमजोर वाटतो, लढाया फार आहेत, ल्यूसीला अस्लान दिसतो आणि बाकीच्यांना दिसत नाही तेवढा धागा मात्र घेण्यासारखा आहे. २०१० च्या तिसऱ्यात युस्टस नावाचा चुलत-मावसभावंडांमधला एक किरकिरा पोरगा लोभाने ड्रॅगन होतो. तो पुन्हा माणूस होतो तो प्रसंग पिक्चरने भराभर उरकलाय, पुस्तकात तो स्वतः कातडी सोलायला बघतो, एक थर निघाला की खाली तसाच दुसरा, शेवटी सिंह स्वतःच्या नखांनी खोलवर सोलतो आणि त्याला पाण्यात टाकतो. बाप्तिस्म्याच्या तयारीला बसलेल्या मुलांसाठी पिक्चर पूर्ण न लावता तेवढं प्रकरण मोठ्याने वाचा, वीसेक मिनिटं लागतील, आणि सोबत रोमकरांस ६. वाचणारा चांगला निवडा, सपाट आवाजात वाचलं तर मजा जाते.